चौथी दोरी

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. आंब्याची पेटी घेतली तर तळाचा आंबा काढून हुंगतो. गॅसचा सिलिंडर आला की वजनकाटा मागतो. भोसरीच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो आणि तो मी इमानेइतबारे मिळवतो. ही सवय घरी आल्यावर बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही, असं मी म्हणतो. बायको म्हणते, "कधी प्रयत्न केलायस?"

अशा माणसानं काइटबोर्डिंगसारखा खेळ धरावा हेच मुळात नवल. पायाखाली छोटी फळी, कमरेला पट्टा, हातात एक आडवा बार, त्या बारला चार लांबच लांब दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग आपल्याला ओढतो आणि आपण पाण्यावरून सुसाट सुटतो. कारखान्यात माझ्याबद्दल "साहेब पतंग उडवायला कोकणात जातात" असं सांगितलं जायचं आणि ऐकणारा हमखास विचारायचा, "आत्ता? संक्रांत तर झाली." बारा वर्षं मी हे केलं. सुट्टी मिळाली की डिकीत सामान कोंबायचं आणि किनारा गाठायचा. शेवटची तीन वर्षं मुलगी बरोबर असायची.

ती नुसती बरोबर नसायची, तिला काम असायचं. काइट एकट्यानं हवेत सोडणारे बहाद्दर असतात, मी त्यातला नाही. शहाण्या माणसाला समोर, पंचवीस पावलांवर, काइट धरून उभं राहणारं कुणीतरी लागतं. उडवणाऱ्यानं दोऱ्या ताणून बघायच्या, सगळं ठीक असलं की अंगठा वर करायचा आणि मग समोरच्यानं काइट सोडायचा. फेकायचा नाही, ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. बाराव्या वर्षापासून हे काम तिचं. आपल्यापेक्षा मोठा काइट छातीशी धरून, डोळे बारीक करून माझ्या अंगठ्याकडे बघत ती उभी राहायची. जगात ज्या एका माणसाला मी दोनदा विचारत नसे ते माणूस म्हणजे ती.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिनं काइट सोडला आणि तो सरळ वर चढलाच नाही. उजवीकडे कलला आणि कलत कलत वाऱ्याच्या ऐन मध्यात गेला. मला त्यानं उचललं, आपटलं आणि वाळूवरून फरफटत किनाऱ्याच्या टोकाच्या खडकांपर्यंत नेलं. उजवा खांदा निखळला, दोन जागी मोडला. ती धावत आली तेव्हा माझ्या तोंडात वाळू होती. वाळू थुंकून मी पहिलं वाक्य बोललो ते असं, "अगं, मी अंगठा वर करायच्या आधीच सोडलास तू!"

ती म्हणाली, "नाही बाबा. तू केला होतास."

"मी केला नव्हता."

"केला होतास, बाबा."

हे आमचं संभाषण दवाखान्यात झालं, परत येताना गाडीत झालं आणि नंतरही होत राहिलं. मी अगदी पद्धतशीर विचार केला, माझा धंदाच तो. वारा बेताचा होता. काइट नवा होता. जुन्या दोऱ्यांपैकी एकीचं टोक झिजलं होतं, तेही मी आदल्या आठवड्यात स्वतः बदललं होतं. कंपनीची दोरी म्हणजे निव्वळ शेंडी लावायचा धंदा. तसलीच, तेवढीच जाड दोरी मी बोहरी आळीतून आणली, दोन हात लांबीचा तुकडा घट्ट जोडला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही दोऱ्या खांबाला अडकवून बार सरळ येतो हेही हलक्या हातानं ओढून पाहिलं. म्हणजे सामानात दोष नव्हता. वाऱ्यात दोष नव्हता. मग उरलं कोण?

पंधरा वर्षांची पोर, घाबरली असेल, हात घसरला असेल, होतं असं. मी तिला रागावलो नाही, हं. मोठ्या मनानं माफ करून टाकलं. पण पाहुणे आले, खांद्याची चौकशी झाली, की मी सांगायचो, "हिनं जरा लवकर सोडला." हसत सांगायचो. ती आधी आधी "नाही हं" म्हणायची. मग म्हणेनाशी झाली. मला वाटलं, पटलं एकदाचं.

त्यानंतर ती किनाऱ्यावर आली नाही. घरातही माझ्यासाठी काही धरेनाशी झाली. मी ट्यूबलाइट बदलायला स्टुलावर चढलो आणि म्हटलं, "स्टूल धर गं," तर म्हणायची, "आईला बोलावते." बाहेर पडताना कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायची, जिन्यावरून परत येऊन गॅसचं बटण बघायची. मी बायकोला म्हणायचो, "बघ, माझ्यावर गेली." आणि खरं सांगतो, मला त्याचं कौतुक वाटायचं.

खांदा बरा व्हायला वर्ष गेलं. काइटचा पट्टा पुन्हा कमरेला बांधायची छाती होईना. मग मी विंडसर्फिंगकडे वळायचं ठरवलं. त्यात पायाखाली मोठी रुंद फळी असते, फळीवरच डोलकाठी आणि आपल्या हातात शीड. लांब दोऱ्या नाहीत, डोक्यावर काही नाही आणि सुरुवात करून द्यायला दुसरं माणूस लागत नाही. पाण्यात पडलेलं शीड आपणच ओढून उभं करायचं आणि निघायचं. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला पाण्यावर शिडं चालवणाऱ्यांचा एक छोटा गट आहे, त्यांच्या परवानगीच्या कागदावर माझंही नाव लागणार होतं. घरी जेवताना मी जाहीर केलं, "यात बरं असतं. कुणाच्या हातावर विसंबून राहावं लागत नाही."

बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी आमटीत मीठ शोधायला लागलो. मुलगी ताट उचलून आत गेली. पानात पोळी अर्धी होती.

आता सामान. पुण्यात विंडसर्फिंगचं सामान शोधणं म्हणजे काय ते ज्यानं शोधलं त्यालाच कळेल. दुकानात मिळत नाही, बाहेरून मागवायचं तर डोलकाठी येईपर्यंत पावसाळा संपतो. उरतं जुनं. मोबाइलवर एकानं फोटो पाठवले, त्यात फळीच्या मागे नारळाची झाडं आणि गडी म्हणे नागपूरचा. दुसऱ्यानं पाठवलेल्या शिडाचा फोटो मी मोठा करून पाहिला तर कोपऱ्यातल्या भिंतीवरचं कॅलेंडर सहा वर्षांपूर्वीचं. तिसरा भेटला तो हिंजवडीतला आयटीवाला, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बोर्ड भिंतीला टेकवून उभा.

"काका, एकदम मिंट कंडिशन आहे, ट्रस्ट मी."

कुणी 'ट्रस्ट मी' म्हणालं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. या फळ्यांचं माप लिटरमध्ये असतं, म्हणजे ती केवढं वजन तरंगवेल ते त्यावरून कळतं. मी चौऱ्याऐंशी किलोचा, नवशिका. मला दोनशे लिटरच्या आसपासची हवी. ही शंभराची होती.

"मी यावर उभा राहिलो तर ही आणि मी दोघंही तळ गाठू," मी म्हटलं.

"अरे काका, तुम्ही काइट केलंय ना, बिगिनर बोर्ड तुम्हाला बोअर होईल. धिस इज युवर लेव्हल."

माझी लेव्हल मला माहीत होती. शिवाय फळीच्या नाकावर रंगाचा एक ठिपका बाकीच्या रंगापेक्षा चकचकीत होता. मी नखानं खरवडला, खालून भेग बुजवलेली पुट्टी निघाली. "मिंट आहे," मी म्हटलं, "चटणी झालेला." तो हसला नाही, मी निघालो.

अशीच दोन महिने वणवण केल्यावर त्या खडकवासल्याच्या गटातल्या एकानं धायरीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांचा नंबर दिला. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, सगळे त्यांना सर म्हणतात, त्यांच्याकडे पूर्ण संच आहे आणि द्यायचा आहे. मी फोन केला. फोटो मागितले. "फोटो पाठवत नसतो. येऊन बघावं," पलीकडून आवाज आला. मग त्यांनीच माझी उलटतपासणी घेतली. वय काय, वजन काय, पोहता येतं का, काइट का सोडलं.

"अहो, मुलगी बघायला आल्यासारखं विचारताय," मी म्हटलं.

"मुलगी द्यायची असती तर एवढं विचारलं नसतं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

इथेच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. माल द्यायचाय आणि फोटो नाही? विकणारा माणूस गिऱ्हाइकाला नाही म्हणायच्या तयारीत? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. रविवारी मी बॅटरी, टेप आणि भिंग घेऊन गेलो.

धायरी गावातली जुनी गल्ली, तिच्या टोकाला बंगला, लोखंडी फाटक. सर स्वतः बाहेर आले. सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गुडघ्यांना पट्टे. फळी पडवीत दोन टायरांवर आडवी, वर जुन्या चादरीचं पांघरूण. शिडं सुती कापडात गुंडाळून वर पांढऱ्या नाडीनं बांधलेली. इतकं नीटनेटकं कुणी उगाच ठेवत नाही, असं मला वाटलं. मी भिंग काढलं. फळीवर तीन ठिकाणी डागडुजी केलेली होती आणि तिन्ही ठिकाणी, मी शोधायच्या आधीच, खडूनं गोल काढून ठेवला होता.

"तुमचा वेळ वाचावा म्हणून," सर म्हणाले.

हे तर फारच झालं. स्वतःचे दोष स्वतः दाखवणारा माणूस म्हणजे मोठा दोष लपवणारा, हे मी पंचवीस वर्षं पुरवठादारांकडून शिकलोय. मी फळी उलटी केली, ठोकून पाहिली, कान लावला. काही सापडेना. त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला.

मग त्यांनी अंगणात शीड जोडलं आणि मला धरून उभं केलं. "दहा मिनिटं," म्हणाले. सिंहगडाकडून वारा येत होता. सहाव्या मिनिटाला माझा उजवा खांदा थरथरायला लागला. त्यांनी शीड माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "हे सहा चौरस मीटरचं. तुम्हाला नाही झेपायचं. पाचचं घ्या. मोठं मी देणार नाही."

"का? दुसरं कुणी गिऱ्हाईक आहे का?"

"आहे की. ज्याचा खांदा शाबूत आहे तो."

मी चिडलो होतो, पण मनात म्हटलं, थांब, याच्या पोटातलं बाहेर येईपर्यंत सोडायचं नाही. जाताना त्यांनी विचारलं, काइटच्या सामानाचं काय केलंत? म्हटलं, माळ्यावर पडलंय. कोकणात काइट शिकवणाऱ्या एका ओळखीच्याला जुना बार आणि दोऱ्या हव्या आहेत, पुढच्या रविवारी घेऊन या, त्याला देऊ, असं ते म्हणाले. हे होय कारण! म्हणजे माझं सामान उचलायचा डाव! मी बरं म्हटलं आणि घरी येऊन बारचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले, बदलाबदली झाली तर पुरावा असावा म्हणून.

पुढच्या रविवारी मी बार त्यांच्या हातात दिला. दोन वर्षांपूर्वी गुंडाळून ठेवल्यापासून तो मी उलगडला नव्हता. सरांनी दोऱ्या मोकळ्या केल्या, चारही टोकं नेऊन फाटकाच्या एकाच सळईला अडकवली आणि म्हणाले, "घ्या बार, जा मागे."

"अहो, चांगला आहे तो. मी तपासलाय."

"असेल. मी न तपासता पुढे देत नाही. याला माणूस लटकतो."

मी बार घेऊन गल्लीत मागे मागे गेलो, दोऱ्या जमिनीवरून उठल्या, ताणल्या. गल्लीतला एक दूधवाला सायकल घेऊन थांबला. "काय हाय वो सर हे? वायरिंग चाललंय व्हय?"

"हो," सर म्हणाले, "यांच्या घरचं."

ते माझ्याजवळ आले. "वजन टाका. माणसाएवढं." मी मागे रेललो. आणि माझ्या हातातला बार वाकडा झाला. डावं टोक चार बोटं माझ्याकडे आलं होतं, उजवं फाटकाकडे.

"तुम्ही नीट अडकवल्या नाहीत," मी म्हटलं.

"शक्य आहे. तुम्ही अडकवा."

मी जाऊन चारही टोकं काढली, क्रमानं पुन्हा अडकवली, परत आलो, रेललो. वाकडा. सळई बदलली. वाकडा. त्यांनी मध्ये हात लावलाय का बघायला त्यांना पडवीत उभं केलं आणि दूधवाल्याला फाटकापाशी. वाकडा तो वाकडाच. मी डावीकडची बाहेरची दोरी धरून फाटकाकडे चालत गेलो, बोटांत सरकवत. टोकाला आलो तर तिथे माझी गाठ होती, वर निळ्या दोऱ्यानं मीच सफाईदार गुंडाळलेली, आणि गाठीपुढे बोहरी आळीतला दोन हातांचा तुकडा. आता तो दोन हातांचा नव्हता.

सर पडवीतून उतरले, बोटांनी तुकडा चोळून पाहिला. "नायलॉन. बाकीच्या दोऱ्या वेगळ्या आहेत, त्या लांबत नाहीत. कोणी जोडला?"

त्यांनी बादलीतलं पाणी आणून तुकडा भिजवला आणि म्हणाले, "आता ओढा." मी ओढला. बार आणखी दोन बोटं कलला.

"तपासला तेव्हा कोरडा असेल," ते म्हणाले. "आणि हळू ओढला असेल. नायलॉन पाणी पितं, वर माणसाचं वजन आलं की लांबतं. याच्यावर काइट सोडला तर तो उजवीकडे जाईल. अपघात यानंच ना?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "तो वेगळाच प्रकार. माझ्या मुलीनं काइट लवकर सोडला. मी अंगठा वर करायच्या आधी."

सरांनी बादली खाली ठेवली. "लवकर सोडला तर काइट लवकर उडेल. वाकडा का उडेल?"

दोन वर्षांत हा एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता. जगातल्या प्रत्येक सिलिंडरवर आणि आंब्यावर संशय घेणाऱ्या मला आपण स्वतः मारलेल्या गाठीवर घ्यावासा वाटला नाही. दूधवाला म्हणाला, "बसा वो, घाम आलाय तुमाला," आणि मी फाटकाच्या कट्ट्यावर बसलो. लाज वाटत होती. नुसती लाज नाही, भीती वाटत होती. मला ट्यूबलाइटचं स्टूल आठवत होतं, आणि तीनदा ओढलेलं कुलूप.

"संच आज देत नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा मऊ झाला होता. "कुठे पळून जात नाही तो. माझे गुडघे गेलेत, मी काही आता चालवणार नाही. बार घेऊन घरी जा तुम्ही आधी."

धायरीहून घर म्हणजे सिंहगड रस्त्यानं येऊन स्वारगेटच्या पुढे. रविवार असून गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या आणि मला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही. बारचं काय करायचं हे मी ठरवत होतो. तुकडा कापून टाकता आला असता. सरांना आणि दूधवाल्याला सोडून कुणाला कळणार होतं? हा विचार माझ्या मनात आला, तो मी लपवत नाही. चांगला दोन सिग्नलभर टिकला.

घरी आलो. ती अभ्यासाच्या टेबलाशी बसली होती. म्हटलं, "पाच मिनिटं खाली येतेस? पार्किंगमध्ये."

"काही धरायचं असेल तर आई आहे."

"धरायचं नाही. बघायचंय."

ती आली, पायात घरातल्याच चपला. संध्याकाळचे सहा वाजले होते, वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी चारही दोऱ्या त्याच खांबाला अडकवल्या, ज्या खांबाला दोन वर्षांपूर्वी अडकवल्या होत्या. बाटलीतलं पाणी तुकड्यावर ओतलं. बार तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "मागे रेल. जोरात."

ती रेलली. बार वाकडा झाला. तिनं मान तिरकी करून बारकडे पाहिलं, मग दोरीवरून नजर नेत खांबापर्यंत आणि परत माझ्याकडे. तिला काइटचं सगळं कळतं, समजावून सांगावं लागलं नाही.

"डावी लांब आहे," ती म्हणाली.

"हो."

"तो तुकडा तू जोडलेलास."

"हो. मीच. तू लवकर सोडला नव्हतास गं. तुझी काही चूक नव्हती. माझी होती, आणि मी सगळ्या जगाला तुझी म्हणून सांगत फिरलो. मी गाढव आहे." हे मी मोठ्यानं म्हणालो. आजींनी ऐकलं, ऐकू दे. "अंगठा मी वर केलाच असणार. तू म्हणत होतीस तेच खरं."

मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा मला फाडून खाईल. दोन्हींची मी तयारी केली होती. ती बार हातात धरून तशीच उभी राहिली.

"मला नाही माहीत, बाबा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू अंगठा वर केलास की नाही ते. आधी मला स्वच्छ दिसायचा. तुझा हात, त्यातलं घड्याळ, सगळं. मग तू इतक्यांदा सांगितलंस ना, की आता मला दिसतच नाही. दिसतो तो नुसता काइट, सुटलेला. मला वाटायला लागलं, मी सोडलाच असेल लवकर. हात माझे, पण मला कळलं नसेल." तिनं नाक ओढलं. "मी कुलूप लावते ना, तेव्हा पण मला कळत नाही, लावलं की नाही."

दोन वर्षं मी जे कौतुकानं बघत होतो ते हे होतं. मी तिच्याजवळ गेलो तर तिनं बार माझ्या हातात दिला आणि खांबाकडे चालायला लागली. मला वाटलं, चालली वर. पण ती खांबापाशी थांबली, चारही दोऱ्यांची टोकं खांबावरून काढली आणि दोन्ही मुठींत घट्ट धरून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली, डोळे बारीक करून, तशीच.

"रेल," ती ओरडली.

मी रेललो. दोऱ्या ताणल्या गेल्या. पलीकडे तिची पावलं चपलांत थोडी सरकली, पण मुठी सुटल्या नाहीत.

"आता अंगठा वर कर."

मी केला. दुखऱ्या खांद्याच्या उजव्या हाताचा, जेवढा उंच जाईल तेवढा. तिनं लगेच सोडलं नाही. कितीतरी वेळ ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. आजी वरून काहीतरी विचारत होत्या.

"दिसतोय," ती म्हणाली.

आणि मग तिनं सोडलं.